तीन मोठी चाकं आणि एक लहान

आमच्या दारापुढं एक पांढरी गाडी कैक वर्षं वाकडी उभी होती. तीन चाकं मोठी, चकाकणारी, आणि मागचं डावं तेवढं लहान, काळं, लोखंडी. मागून बघितलं की गाडी कंबर दुखणाऱ्या बाईसारखी एका अंगाला कललेली दिसायची. गल्लीत नवीन भाडेकरू आला की हमखास विचारायचा, "मावशी, हे असं का हो?" मी म्हणायची, "लांबलचक गोष्ट आहे बाबा, आधी चहा घे." चहा पिऊन माणूस विसरून जायचा. आता ती गाडी न्हाई आणि विचारणारंही कुणी न्हाई, तर सांगून टाकते.

जालना जिल्हा झाला त्या सुमारास आम्ही बदनापूरच्या बाजूनं शहरात आलो. आमचे हे एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीवर लागले. रोलिंग मिल म्हणजे काय, तर लोखंडाचे लांब ठोकळे भट्टीत तापवायचे आणि रुळांमधून दाबून दाबून त्यांची सळई काढायची. आपण शेवया काढतो तसंच, फक्त पीठ लोखंडाचं. ठोकळा कच्चा निघाला तर रुळात अडकून बसतो, जास्त तापला तर जळून जातो. यांचं काम एवढंच की भट्टीच्या खिडकीतून आत बघायचं आणि बराबर वेळेला म्हणायचं, "काढा." यांनी काढा म्हणेपर्यंत कुणी ठोकळ्याला हात लावत नसे. मालकाचा पोरगा का उभा असेना, तोही थांबायचा.

हे घरी येऊन मला रंग सांगायचे. आधी म्हणे जांभळाच्या डागासारखा दिसतो, मंग वाळल्या मिरचीसारखा, मंग पळस फुलल्यासारखा, आणि शेवटी पिकल्या मोसंबीच्या सालीचा रंग येतो. मोसंबी झाली की काढायचं. मी विचारायची, "अन् डोळे?" तर म्हणायचे, "डोळ्याचाच पगार मिळतो मला." सवय इतकी लागलेली, की मी भाकरी टाकली तर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणायचे, "काढ." मी चिडायची. "मिल तिकडंच ठेवून येत जा," म्हणायची. पण खरं सांगते, यांनी म्हणलं अन् मी काढली ती भाकरी कधी करपली न्हाई.

मंग मिल बंद पडली. का पडली ते मला कळलं न्हाई, यांनाही कुणी नीट सांगितलं न्हाई. एक दिवस गेटला कुलूप दिसलं. बाकीचे लोक इकडं तिकडं लागले, कुणी दुसऱ्या मिलमध्ये, कुणी बियाण्याच्या कंपनीत. यांचं वय झालेलं. दोन-चार ठिकाणी जाऊन आले, मंग जायचं बंद केलं. ओसरीत एक खुर्ची होती, लोखंडी पाइपाची, प्लास्टिकच्या पट्ट्या विणलेली. त्या खुर्चीत सकाळी बसायचे ते जेवायला उठायचे, पुन्हा बसायचे. मिल चालू असताना मोठ्या हौसेनं एक जुनी पांढरी गाडी घेतली होती, दर रविवारी आम्हाला बदनापूरला माझ्या बहिणीकडं न्यायचे. तिलाही हात लावणं सोडलं. मी म्हणलं, "चला की बदनापूरला." तर म्हणाले, "पोरगा नेईल."

भांडले असते तरी चाललं असतं मला. पण रागही न्हाई, रडणं न्हाई, काहीच न्हाई. त्या दिवसांत माझं देवाकडं एकच मागणं होतं. हा माणूस खुर्चीतून उठावा. कमवू नये, गोड बोलू नये, फक्त उठावा अन् कशाला तरी हात लावावा.

आमचा पोरगा बियाण्याच्या कंपनीत कामाला होता. त्याचं लग्न झालेलं, एक नात होती आम्हाला, तिला नुकते दात येत होते. पोरगा बोलायला कमी, बापासारखाच. पण त्याचं बापाकडं लक्ष असायचं. एकदा एका लग्नाला गेल्तो आम्ही सगळे. मंगल कार्यालयाच्या बाहेर कुणाची तरी नवी गाडी उभी होती, तिला ती फुलाच्या पाकळ्यांसारखी चाकं. लोक जेवायला पळून राह्यले अन् हे त्या चाकापाशी खाली बसलेले. बोटानं टकटक करून कान लावून राह्यलेत. मला लाज वाटली, कुणी म्हणेल चोरून बघतो की काय. मी हाक मारली तर म्हणाले, "बिडाचं न्हाई हे. लोखंडाचंबी न्हाई. आवाज बघ कसा येतो."

पोरानं ते बघितलं होतं. मला कुठं माहीत. नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील, दसऱ्याच्या आधी पोरगा एका सकाळी गाडी घेऊन गेला औरंगाबादला, आणि परतला तर गाडी ओळखू येईना. चारी चाकं तशीच, पाकळ्यांची, आधीपेक्षा मोठी. गाडी एकदम उंच झालेली, नव्या नवरीनं टाचेची चप्पल घातल्यासारखी. गल्लीतली पोरं गोळा झाली.

"मॅग व्हील आहेत, बाबा," पोरगा म्हणाला. "तुम्हाला आवडलेली ना."

हे खुर्चीतच होते. मी श्वास धरून उभी. हे उठले, फाटकापर्यंत गेले, चाकापाशी खाली बसले आणि टकटक केलं.

"हलकं आहे," म्हणाले. "जुनी कुठं आहेत?"

"भंगारवाल्याला दिली, बाबा. ठेवायला जागा कुठंय?"

"सगळी?"

"एक स्टेपनी ठेवली डिकीत. ती लोखंडीच आहे."

यांनी थोडा विचार केला. मंग म्हणाले, "म्हणजे त्यांची आता कुठं तरी सळई होऊन राह्यली असंल."

आणि हसले. सूनबाई आतून पळत आली, मला म्हणाली, "आत्या, बाबा हसले का आता?" मी म्हणलं, "चूप, नजर लावू नको."

दुसऱ्या दिवसापासून हे उठायला लागले. सकाळी बादली घेऊन चाकं पुसायची, पाकळ्यांच्या मधली धूळ जुन्या धोतराच्या चिंधीनं काढायची. खंडेनवमीला आपण घरातलं लोखंड पूजतो, विळी, कोयता, गाडी, सगळं. मी हळद-कुंकू घेऊन चाकाला लावायला गेले तर यांनी हात धरला. "ह्याच्यात लोखंड न्हाई. ह्याला कशाला?" मी म्हणलं, "मंग काय गाडी बिनपूजेची ठेवू?" यांनी डिकीतून जॅक आणि चाकाचा पाना काढला, पाटावर मांडला, त्याला लावायला सांगितलं. अन् त्या काळ्या स्टेपनीला. पोरगा म्हणाला, "बाबा, चकाकणाऱ्यांना काहीच न्हाई का?" तर म्हणाले, "ती पाहुणी आहेत. त्यांना चहा पाज." मी इतकी हसले की हातातलं कुंकू सांडलं.

म्हणजे माझं मागणं देवानं ऐकलं असं मला वाटलं होतं.

दिवाळीनंतर बहिणीच्या घराची वास्तुशांत होती. आम्ही सगळे निघालो. पोरगा चालवत होता, हे पुढं, मी, सून अन् नात मागं, शिवाय आहेराची पातेली. गाडीत वजन झालं की मागून खर्र खर्र असा आवाज यायचा. मोठं चाक वरच्या पत्र्याला घासायचं. प्रत्येक खड्ड्याला खर्र. हे म्हणाले, "हळू घे, जागा कमी आहे त्याला." पोरगा म्हणाला, "हळूच घेऊन राह्यलो, बाबा." बदनापूर दिसायला लागलं होतं अन् समोरून ट्रक आला. पोरानं गाडी कडेला दाबली, आणि मागचं डावं चाक खड्ड्यात असं आदळलं की नातीच्या हातातलं बिस्कीट उडून माझ्या पदरात पडलं.

पोहोचलो कसेबसे. पण चाकातली हवा बसून गेली. कड आत वळलेली, दोन बोटं मावतील एवढी. पोरानं काळी स्टेपनी लावली. वास्तुशांतीचं जेवण यांनी ताटात तसंच ठेवलं, मला वाटलं, झालं, आता पुन्हा खुर्ची.

तर परतताना जालन्यात पंक्चरवाल्याकडं थांबलो. त्यानं टायर काढून चाक फिरवून बघितलं, म्हणाला, "काका, हे आपल्या इथं सरळ होत न्हाई. लोखंडाचं असतं तर मीच घणानं ठोकून दिलं असतं. औरंगाबादला दाखवा, पण भरोसा न्हाई."

"ठोकून का न्हाई होत?" यांनी विचारलं.

"तडा जातो."

"गार ठोकलं तर जाणारच," हे म्हणाले. "तापवून ठोकायचं."

मी मागच्या सीटवरून यांचा चेहरा बघत होते. मिल बंद पडल्यापासून तो चेहरा मी बघितला नव्हता. घरी येईपर्यंत हे बोलत होते. धातू म्हणजे धातू, ताप बराबर लागला की नरम होणारच, सगळं बघण्यावर असतं. पोरगा मधेच म्हणाला, "बाबा, मी चौकशी करतो ना औरंगाबादला." हे म्हणाले, "कशाला? मी आहे ना." पोरानं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. होय म्हण, अशी. तो म्हणाला, "बरं बाबा. तुम्हीच करा."

दुसऱ्या दिवशी जुन्या जालन्यात गेलो. यांच्या ओळखीचा एक लोहार होता, विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा करायचा. लोहाराच्या दुकानात बाईमाणसाचं काय काम, पण मी गेलेच. मला बघायचं होतं. यांनी मिलमध्ये घालायचा तो जुना खाकी शर्ट घातला होता. मी तो पोतेरं करायला काढून ठेवला होता, यांनी शोधून आणला.

लोहारानं चाक हातात घेऊन उलटसुलट केलं. "मामा, ह्याच्यात मी कधी हात घातला न्हाई."

"तू नुसता भट्टीचा पंखा फिरव. बघायचं काम माझं."

"बघा बुवा. मंग मला म्हणू नका."

"अरे, किती वर्षं बघितलं मी! तू फिरव."

चाकाची वाकडी कड निखाऱ्यात धरली. लोहार पंखा फिरवायला लागला, कोळसे धगधगून पेटले. हे समोर उकिडवे बसले, हात गुडघ्यावर, डोळे बारीक केलेले. पोरगा बाजूला उभा. लोहारानं विचारलं, "झालं का, मामा?"

"न्हाई. अजून डागबी न्हाई पडला."

पंखा फिरत राहिला. चाक होतं तसंच, चांदीसारखं. कोळसा लाल, सांडशी लाल, अन् चाक आपलं पांढरंच.

"मामा, आता?"

"थांब. येतंय. जांभळाचा रंग येईल आधी."

मी यांच्या मागं उभी होते. मीही बघत होते. मला वाटत होतं, ये रे बाबा, लाल हो. आयुष्यात मी कुठल्या वस्तूकडं इतक्या कळकळीनं बघितलं नसेल.

"बाबा," पोरगा हळूच म्हणाला, "बस झालं का?"

"रंग आल्याशिवाय कसं काढायचं?" हे म्हणाले. आवाजात मिलचा जोर होता. "कच्चं निघंल."

आणि मंग लोहारानं सांडशी जरा हलवली, चाक नीट धरायला म्हणून. ती कड सांडशीसंगं वर आलीच न्हाई. ओल्या भिंतीचा पोपडा सुटावा तशी सुटली, निखाऱ्यात पडली अन् पसरली. एक पाकळी तिच्या मागोमाग वाकून खाली गेली. आवाजसुद्धा झाला न्हाई. लाल तर शेवटपर्यंत झालं न्हाई. चांदीच्या रंगाचंच राहून पाणी होऊन गेलं.

लोहारानं पंखा सोडला. शेजारच्या दुकानातला कापडवाला डोकावून गेला. हे तसेच बसलेले, डोळे अजून बारीक, जणू अजून बघायचं बाकी आहे.

"हा दुसराच धातू आहे, मामा," लोहार शेवटी म्हणाला. "आपल्याला कळत न्हाई ह्याचं."

पोरगा पुढं झाला. यांच्या काखेत हात घालून उठवलं. शर्टावरची राख झटकली. "जाऊ द्या, बाबा," म्हणाला. "एक चाक तर आहे. त्याचं काय एवढं."

किती मऊ बोलला तो. नातीशी बोलतो तसा. माझा पोरगा गुणाचा आहे, मी त्याला दोष देत न्हाई. पण तो ओरडला असता, माझी चाकं बिघडवली म्हणून चिडला असता, तर हे उलटून बोलले असते, दोन दिवस भांडले असते आणि उभे राहिले असते. त्या मऊ बोलण्याला काय उत्तर देणार? हे गाडीत जाऊन बसले. मागच्या सीटवर, माझ्या जागेवर.

घरी आल्यावर खाकी शर्ट काढून यांनी स्वतःच पोतेऱ्याच्या बादलीत टाकला.

पोरानं खूप केलं नंतर. तसलं एकच चाक कुठं मिळेना, तर म्हणाला, चारी बदलून टाकू, लोखंडी घेऊ. "काढू का बाबा ही चाकं?" असं त्यानं खुर्चीपाशी उभं राहून कितीदा विचारलं. हे रस्त्याकडं बघत राहायचे. होय न्हाई अन् नकोही न्हाई. पोरगा बापाच्या शब्दाशिवाय हात लावायचा न्हाई. मंग त्यानं मोटारसायकल घेतली. गाडी राहिली तशीच, तीन मोठ्या चाकांवर अन् एका लहानावर.

पुढं एकदा सुनेचा भाऊ आला होता, गॅरेजमध्ये काम करायचा तो. त्याच्याकडून मला कळलं की ती पाकळ्यांची चाकं अॅल्युमिनियमची, अन् अॅल्युमिनियम लालच होत न्हाई. कितीही तापवा, दिवसाउजेडी त्याला रंग दिसत न्हाई, तसंच्या तसं दिसतं अन् एकदम जातं. मला इतका आनंद झाला! मला वाटलं, हेच सांगायला पाहिजे होतं कुणीतरी यांना. मी तशीच पिठाच्या हातानं ओसरीत आले.

"अहो, ऐकलं का? तुमची काहीच चूक न्हाई बघा. तो धातू लाल होतच न्हाई म्हणे. कुणीबी असतं तरी त्याला दिसलं नसतं."

यांनी माझ्याकडं बघितलं.

"मंग मी काय बघत होतो?" म्हणाले.

हातावरचं पीठ वाळून गेलं. त्या विषयावर हे पुन्हा बोलले न्हाईत. दुसऱ्या कशावरही फारसे न्हाईत. भाकरी टाकताना मी मुद्दाम दाराकडं बघायची, विचारायचीसुद्धा, "काढू का हो?" ओसरीतून उत्तर यायचं न्हाई. एकदा मी हट्टानं तशीच ठेवली तव्यावर. म्हणलं, वास गेला तर "काढ" म्हणतील. भाकरी कोळसा झाली, घरभर धूर झाला, सून धावत आली, "आत्या, लक्ष कुठंय?" हे खुर्चीतच. धूर ओसरीत गेला तर यांनी फक्त नाकाला रुमाल लावला.

काही वर्षांनी हे गेले. आजार म्हणावा असा काही नव्हता, डॉक्टरनं काहीतरी नाव सांगितलं. मी म्हणते, बसून बसून गेले.

दहाव्याला मिलमधले जुने लोक आले. म्हातारे झालेले सगळे. ओसरीत सतरंजीवर बसले अन् बोलायला लागले. "मामी, मामांची नजर म्हणजे नजर. मामा काढा म्हणले की ठोकळा लोण्यासारखा जायचा." दुसरा म्हणाला, "आम्ही डोळे मिटून ऐकायचो त्यांचं." तिसरा रडायला लागला. मी मान हलवत होते. पोरगा चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता, त्यानं खाली मान घातली. त्या लोकांच्या चपला बाहेर गाडीच्या सावलीत होत्या, त्या लहान चाकापाशी.

त्यानंतर गाडी ठेवण्यात काही अर्थ नव्हता. पोरानं भंगारवाल्याला बोलावलं अन् आपण कामावर निघून गेला. भंगारवाला आला तो हातात लोहचुंबक घेऊन. एकेका चाकाला लावून बघायचा. पहिल्याला लावलं, पडलं. दुसऱ्याला लावलं, पडलं. तिसऱ्याला, तेच. काळ्या चाकाला लावलं तर टक्कन बसलं, ओढून काढावं लागलं त्याला.

"हे इथंच जाईल, मावशी, एमआयडीसीत," तो म्हणाला. "बाकीचं बाहेर पाठवावं लागतं. जालन्यात ह्याला कुणी विचारत न्हाई."

जॅक लावला, पाना चढवला, आणि मंग थांबून त्यानं मला विचारलं, "काढू का चाकं?"

मी सवयीनं खुर्चीकडं बघितलं. पट्ट्या मधे खोलगट झाल्या होत्या, बसण्याचा आकार तसाच होता. भंगारवाला पाना धरून वाट बघत होता.

"काढा," मी म्हणलं.